द्वेषमूलक गुन्ह्यांची नोंद

धर्म, जात, वंश, भाषा वा जन्मस्थान यांवरून ओळखल्या जाणाऱ्या एखाद्या समूहाविषयीच्या वैरभावातून त्या समूहातील व्यक्तीवर किंवा तिच्या मालमत्तेवर केलेल्या अपराधास द्वेषमूलक गुन्हा असे म्हणतात. असा अपराध पोलीस दप्तरात लिहून घेणे, त्याचे वर्गीकरण करणे आणि त्यावरून जिल्हा, राज्य व देश यांची आकडेवारी तयार करणे, हे सर्व मिळून त्याची नोंद होते. खून, दुखापत, जाळपोळ हे अपराध सर्वत्र सारखेच असतात. त्यांना वेगळेपणा येतो तो हेतूमुळे. जखमेचा वा जळालेल्या घराचा पंचनामा करता येतो, हेतूचा करता येत नाही. त्यामुळे या गुन्ह्यांच्या सांख्यिकीत चूक राहण्याचा संभव इतर गुन्ह्यांपेक्षा पुष्कळच अधिक असतो.

भारतीय कायद्यात ‘द्वेषमूलक गुन्हा’ अशी सर्वसाधारण संज्ञा व्याख्येसह आढळत नाही. तथापि अस्पृश्यतेच्या आचरणाविरुद्धचे आणि अनुसूचित जाती व जमातींवरील अत्याचारांविरुद्धचे कायदे स्वरूपाने याच वर्गातील असून, भारतात पद्धतशीरपणे आणि दीर्घकाळ मोजला गेलेला द्वेषमूलक गुन्ह्यांचा वर्ग तोच होय [→ अस्पृश्यता]. प्रस्तुत नोंदीत या मोजणीचा विचार मुख्यतः वऱ्हाडातील अमरावती व अकोला या जिल्ह्यांच्या आधारे केला आहे.

कोणाची गणना होते : २०११ च्या जनगणनेनुसार अकोला जिल्ह्यात अनुसूचित जातींचे प्रमाण सु. २० टक्के, तर अमरावती जिल्ह्यात सु. १७·५ टक्के होते. महाराष्ट्राची सरासरी सु. ११·८ टक्के असल्याने हे दोन्ही जिल्हे राज्यात वरच्या क्रमांकांत येतात. अमरावती जिल्ह्यात मेळघाटातील कोरकूंसह अनुसूचित जमातींचे प्रमाण सु. १४ टक्के होते. मात्र या लोकांवर झालेला अन्याय सरकारी तक्त्यात येण्यासाठी तो घडणे पुरेसे नसते. अन्याय सोसणारी व्यक्ती अनुसूचीत असावी लागते. अनुसूचीच्या सीमा वेळोवेळी बदलल्या असून वऱ्हाडात या बदलांचा परिणाम विशेष जाणवला.

१९५६ च्या धर्मांतरानंतर विदर्भातील महार समाजाचा फार मोठा भाग बौद्ध झाला. अनुसूचित जातींविषयीच्या राष्ट्रपतींच्या आदेशात तेव्हा हिंदू व शीख यांचाच समावेश होता. बौद्ध अनुसूचित जातींना त्या आदेशात स्थान मिळाले ते १९९० च्या दुरुस्तीने. राज्य शासनाने दरम्यानच्या काळात नवबौद्धांना सवलती दिल्या असल्या, तरी केंद्रीय व्याख्येने पाहिल्यास एखाद्या बौद्ध शेतमजुरावर जातीच्या कारणाने झालेला हल्ला हा ‘अनुसूचित जातीवरील’ हल्ला ठरत नव्हता. गावात त्याची जात सर्वांना ठाऊक होती, हल्ला करणाऱ्यालाही होती. कागदाला मात्र ती मान्य नव्हती. कोरकूंची स्थितीही काहीशी अशीच होती. विदर्भात अनेक जमातींना अनुसूचित दर्जा ठराविक तालुक्यांपुरता होता आणि अमरावती जिल्ह्यात तो मेळघाट तालुक्यापुरता होता. ही क्षेत्रमर्यादा १९७६ च्या दुरुस्ती अधिनियमाने दूर झाली. तोपर्यंत सातपुड्याचा डोंगर उतरून अकोला जिल्ह्यातील अकोट परिसरात राहणारा कोरकू या गणनेच्या बाहेर राहत असे. या कारणांमुळे १९९० पूर्वीच्या व नंतरच्या आकड्यांची सरळ तुलना करणे योग्य नव्हे.

आरंभीचे कायदे व मोजणी : संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि तिच्या आचरणास शिक्षा देणारा अस्पृश्यता (अपराध) अधिनियम १९५५ मध्ये संमत झाला. १९७६ मध्ये त्यात मोठी सुधारणा होऊन त्यास नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे नाव मिळाले. विहीर, मंदिर, हॉटेल, पाणवठा अशा ठिकाणी मज्जाव करणे हा या कायद्याचा मुख्य विषय होता. खून, जाळपोळ, बलात्कार यांची दखल पूर्वीप्रमाणे भारतीय दंड संहितेखालीच घेतली जाई आणि तेथे जातीचा रकाना नव्हता.

केंद्रीय गृह मंत्रालयाने अनुसूचित जातींवरील गंभीर गुन्ह्यांची माहिती राज्यांकडून नियमित मागविण्यास १९७४ पासून आरंभ केला. खून, गंभीर दुखापत, बलात्कार, जाळपोळ आणि इतर अपराध असे या माहितीचे ढोबळ विभाग होते. त्याच सुमारास, १९७४ मध्ये, अकोला जिल्ह्यातील ढाकळी येथे दोन दलित भावांचे डोळे काढण्यात आले. दलित पँथरने हे प्रकरण पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्यापर्यंत नेले आणि महाराष्ट्रभर त्याचे पडसाद उमटले. भारतीय दंड संहितेच्या ३२० व्या कलमात दृष्टी कायमची जाणे हा गंभीर दुखापतीचा एक प्रकार म्हणून सांगितला होता. तेव्हा अशा कृत्यास तक्त्यात जी जागा मिळते ती ‘गंभीर दुखापत’ या रकान्यातील एका आकड्याची. बांधावरच्या भांडणात मोडलेला हात आणि गावाला धाक बसावा म्हणून काढलेले डोळे हे दोन्ही त्या रकान्यात एकासारखे एक असतात.

अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम १९८९ मध्ये संमत झाला व ३० जानेवारी १९९० पासून अमलात आला. त्याखालील नियम १९९५ मध्ये करण्यात आले. या कायद्याने प्रथमच पीडिताची व आरोपीची सामाजिक ओळख हा अपराधाचा घटक ठरविला आणि त्यामुळे पोलीस दप्तरात या गुन्ह्यांची स्वतंत्र मोजणी शक्य झाली. अनुसूचित जाती-जमातींबाहेरील व्यक्तीने केलेले कृत्यच या कायद्याखाली अत्याचार ठरते.

ठाण्यातील नोंद : सर्व सांख्यिकीचा उगम पोलीस ठाण्याच्या टेबलावर होतो. ग्रामीण वऱ्हाडात फिर्यादी बहुधा सायंकाळी, मजुरी आटोपल्यावर, गावातील एकदोघांना बरोबर घेऊन ठाण्यात येतो आणि घडलेली हकीकत तोंडी सांगतो. ठाणे अंमलदार ती लिहून घेतो. येथे एका वाक्याच्या फरकाने प्रकरणाची जात बदलते. ‘जातीवरून शिवीगाळ करून मारले’ असे लिहिले गेल्यास अत्याचार प्रतिबंध अधिनियम लागतो; ‘शिवीगाळ करून मारले’ एवढेच लिहिले गेल्यास प्रकरण अदखलपात्र ठरू शकते, म्हणजे केवळ एक नोंद होऊन फिर्यादीस न्यायालयात जाण्याची समज दिली जाते. शिवीतील शब्द उच्चारण्यास फिर्यादी लाजतो, अंमलदारही तो लिहिण्यास कचरतो. पण तोच शब्द पुढे पुरावा असतो.

दुसरा प्रकार कारण लिहिण्याचा. गायरानावरील वहिवाट, विहारासाठी मागितलेली जागा, आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीचा मार्ग, मजुरीची थकबाकी यांवरून तंटे होतात. यांत जमीन किंवा पैसा असतोच आणि जातही असते. ‘पूर्ववैमनस्य’ किंवा ‘शेतीचा वाद’ असे लिहिले, की त्यातील दुसरे कारण पुसले जाते. हे नेहमीच कपटाने होते असे नाही. लेखनिकाला एक कारण लिहिण्याची सवय असते आणि छापील नमुन्यातही एकाच कारणाची जागा असते.

तथापि ठाण्याच्या कारभारात नोंद टाळण्याकडे कल निर्माण करणारी कारणेही आहेत. ठाणेदाराचे काम वरिष्ठांकडून पुष्कळदा गुन्ह्यांच्या चढउतारावरून जोखले जाते. अत्याचाराचा गुन्हा दाखल होताच तपास उपअधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो, मुदत लागते, जिल्हाधिकारी व समाजकल्याण कार्यालय यांना कळवावे लागते. एका अदखलपात्र नोंदीने हे सर्व टळते. गावातील प्रतिष्ठितांनी घडवून आणलेली तडजोड हा याहून सोपा मार्ग होय. तिची नोंद कोठेच नसते.

या नोंदीवर फिर्यादीचे बरेच काही अवलंबून असते. १९९५ च्या नियमांखाली पीडितास अर्थसाहाय्य मिळते. २०१६ मध्ये सुधारलेल्या अनुसूचीनुसार ते अपराधाच्या स्वरूपाप्रमाणे ८५,००० ते ८,२५,००० रुपयांपर्यंत असून बहुतेक अपराधांत त्याचा पहिला हप्ता प्रथम खबर दाखल झाल्यावर, पुढील हप्ता दोषारोपपत्रानंतर आणि उरलेला दोषसिद्धीनंतर द्यावयाचा असतो. कलम लागले नाही, तर हप्ताही नाही. याच नियमांनुसार शासनाने अत्याचारप्रवण क्षेत्रे निश्चित करून तेथे खबरदारीचे उपाय योजावयाचे असतात. ज्या गावातील तक्रारी ठाण्याच्या पायरीवरून परत जातात, ते गाव या यादीत येण्याचा संभव कमी. म्हणजे नोंदीतील उणीव पुढच्या घटनेची वाट मोकळी ठेवते.

कायद्याने या टाळाटाळीस उपाय योजले आहेत. ठाण्यात फिर्याद न घेतल्यास ती लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठविता येते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१३ मध्ये दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदणे अनिवार्य असल्याचा निर्णय दिला. २०१५ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने अत्याचार प्रतिबंध अधिनियमातील चौथ्या कलमात लोकसेवकांची कर्तव्ये स्पष्ट केली : तोंडी खबर लिहून घेणे, ती वाचून दाखवून मगच सही घेणे, प्रत विनामूल्य देणे, योग्य कलमे लावणे. ती हेतुपुरस्सर न पाळणारा लोकसेवक शिक्षेस पात्र ठरतो. २००९ मध्ये महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात, आरोपीची जात फिर्यादीत नमूद नाही एवढ्याच कारणाने प्रथम खबर रद्द करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले होते. २० मार्च २०१८ रोजी त्याच न्यायालयाने, पुन्हा महाराष्ट्रातून आलेल्या एका प्रकरणात, नोंदीपूर्वी प्राथमिक चौकशीची मुभा दिली. त्यावर देशभर तीव्र प्रतिक्रिया उमटून संसदेने त्याच वर्षी १८ अ हे कलम घातले व अशी चौकशी आवश्यक नसल्याचे स्पष्ट केले. २०१९ मध्ये न्यायालयाने आपले ते निर्देश मागे घेतले आणि २०२० मध्ये १८ अ कलम वैध ठरविले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत नोंदीपूर्वी चौदा दिवसांच्या चौकशीची सोय आहे. अत्याचाराच्या अनेक अपराधांची कमाल शिक्षा पाच वर्षे असल्याने ते वरवर पाहता या सोयीत बसतात. पण तेथे विशेष कायद्यातील १८ अ कलम लक्षात घ्यावे लागते. ठाण्यात हा भेद विसरला गेल्यास नोंद पुन्हा लांबणीवर पडेल.

हेतूची सिद्धता : नोंद झाली, तरी हेतू पुढच्या पायऱ्यांवर गळू शकतो. गंभीर अपराधांची शिक्षा वाढविणाऱ्या कलम ३ (२) (५) मध्ये मुळात पीडित अनुसूचित जातीचा वा जमातीचा आहे ‘या कारणावरून’ अपराध घडला असला पाहिजे, अशी शब्दयोजना होती. न्यायालये या शब्दांचा अर्थ काटेकोर लावीत आणि जातीबरोबर दुसरे कोणतेही कारण दिसले, की हे कलम गळून पडे. भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ मध्ये विशेष न्यायालयाने आठ जणांना खुनासाठी दोषी ठरविले. मात्र अत्याचार प्रतिबंध अधिनियमाखालील आरोप मान्य केले नाहीत. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१० मध्ये दिलेल्या निकालातही ही बाब बदलली नाही. या हत्याकांडाच्या निषेधाचे लोण वऱ्हाडात पोहोचले होते आणि नोव्हेंबर २००६ मध्ये अमरावती येथे पोलीस गोळीबारात एक जण मरण पावला. ज्या घटनेने संपूर्ण विदर्भ जातीच्या प्रश्नावर पेटला, तिच्या निकालात जात हे कारण नाही, ही विसंगती पुष्कळांना आजही अस्वस्थ करते.

२०१५ च्या दुरुस्तीने ‘या कारणावरून’ ऐवजी, पीडित अनुसूचित जाती-जमातीचा आहे ‘हे माहीत असून’, अशी शब्दयोजना आली. आरोपीस पीडिताची किंवा त्याच्या कुटुंबाची व्यक्तिगत माहिती असल्यास ही जाणीव होती, असे न्यायालयाने गृहीत धरावयाचे आहे. एकमेकांच्या पिढ्या ओळखणाऱ्या खेड्यात हा बदल लहान नव्हे. सांख्यिकीच्या दृष्टीने मात्र यामुळे २०१६ पूर्वीचे व नंतरचे आकडे वेगवेगळ्या मापाने मोजलेले ठरतात.

तक्त्यातील गळती : ठाण्यांची माहिती जिल्हा पोलीस अधीक्षक किंवा शहर आयुक्त यांच्याकडे एकत्र होते. अमरावतीत शहरासाठी आयुक्तालय व उर्वरित जिल्ह्यासाठी ग्रामीण अधीक्षक अशी दोन घटके आहेत; अकोल्यात जिल्हा अधीक्षकांचे एकच घटक आहे. राज्याच्या पातळीवर नागरी हक्क संरक्षण विभाग अत्याचाराच्या गुन्ह्यांवर लक्ष ठेवतो आणि पुण्यातील गुन्हे अन्वेषण विभाग ‘महाराष्ट्रातील गुन्हे’ हा वार्षिक अहवाल काढतो. १९८६ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय गुन्हे नोंद कार्यालय देशाचे तक्ते प्रसिद्ध करते. या तक्त्यांनुसार अनुसूचित जातींवरील गुन्ह्यांची देशातील संख्या २०२१ मध्ये ५०,९०० व २०२२ मध्ये ५७,५८२ होती. अनुसूचित जमातींच्या बाबतीत ती अनुक्रमे ८,८०२ व १०,०६४ होती.

हे आकडे वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. राष्ट्रीय तक्त्यांत ‘प्रमुख अपराध’ हा नियम पाळला जातो. एका प्रथम खबरीत अनेक अपराध असले, तर सर्वांत गंभीर अपराध तेवढा मोजतात. बलात्कार करून खून केल्यास तक्त्यात खून दिसतो, बलात्कार दिसत नाही. घर जाळणे, बहिष्कार घालणे व मारहाण हे एकाच दिवशी घडले, तर बहिष्काराचा मागमूस राहत नाही. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला असल्याने ही उणीव येथे अधिक खटकते. दुसरी गोष्ट म्हणजे आकडा गुन्ह्यांचा असतो, माणसांचा नव्हे. एका खबरीत एक पीडित असेल किंवा सबंध वस्ती. तिसरी गोष्ट प्रमाणाची. लोकसंख्येशी काढलेले दर अद्याप २०११ च्या जनगणनेवर बेतलेले आहेत. त्यानंतरची जनगणना लांबल्याने शहरात आलेल्या कुटुंबांचा हिशोब त्यांत नाही.

तपास बंद करण्याच्या पद्धतीचाही येथे विचार करावयास हवा. महाराष्ट्रात पोलीस न्यायालयास ‘समरी’ अहवाल देतात. अ समरी म्हणजे गुन्हा खरा पण शोध न लागलेला, ब समरी म्हणजे फिर्याद खोटी, क समरी म्हणजे गैरसमजातून वा दिवाणी स्वरूपाच्या बाबीतून आलेली. साक्षीदार फितूर झाल्याने किंवा गावात तडजोड झाल्याने मागे पडलेले प्रकरण आणि मुळातच रचलेले प्रकरण यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. अहवालात ती एकाच वर्गात गेल्यास ‘खोट्या तक्रारी’ची संख्या फुगते आणि सार्वजनिक वादात तीच पुढे केली जाते.

धार्मिक द्वेषाचे गुन्हे : मराठीत ‘जातीय’ हा शब्द दोन अर्थांनी वापरतात. वृत्तपत्रांतील ‘जातीय दंगल’ बहुधा हिंदू-मुसलमानांमधील असते आणि ‘जातीय अत्याचार’ सवर्ण-दलितांमधील. पोलिसांच्या कागदांतही हा शब्द असाच दुहेरी येतो. राष्ट्रीय तक्त्यांत दंगलींचे धार्मिक व जातिसंघर्षमूलक असे वेगळे पोटविभाग केलेले असल्याने भाषांतराच्या या गोंधळातून नोंद एका रकान्यातून दुसऱ्यात जाण्याची शक्यता असते.

अमरावती शहरात १२ व १३ नोव्हेंबर २०२१ रोजी त्रिपुरातील घटनांच्या निषेधार्थ निघालेला मोर्चा व त्यानंतरचा बंद यांतून हिंसाचार होऊन संचारबंदी पुकारावी लागली. अकोल्यात १३ मे २०२३ रोजी समाजमाध्यमावरील मजकुरावरून दोन गटांत संघर्ष होऊन एक जण मृत्यू पावला. अशा प्रसंगी पुष्कळ फिर्यादी पोलीस स्वतःच सरकारतर्फे देतात व आरोपींची संख्या शेकड्यांनी असते. दंगलीचा गुन्हा नोंदला जातो, पण कोणाचे दुकान कोणत्या ओळखीमुळे जाळले गेले हे त्यावरून कळत नाही. २१ जून २०२२ रोजी अमरावतीत एका औषध विक्रेत्याचा खून झाला. आरंभी लुटीच्या उद्देशाची शक्यता धरली गेली होती. समाजमाध्यमावरील धर्मविषयक मजकुराशी त्याचा संबंध असल्याचे २ जुलै रोजी जाहीर झाले आणि तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला. पहिल्या दिवशीचे कारण व तपासानंतरचे कारण यांत फरक पडणे स्वाभाविक आहे. मात्र तक्ता पहिल्या नोंदीवरून भरला गेला आणि नंतर दुरुस्त झाला नाही, तर चूक कायम राहते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद कार्यालयाने २०१७ च्या अहवालासाठी झुंडबळी, द्वेषमूलक गुन्हे इ. नव्या शीर्षकांखाली माहिती गोळा केली होती. ती अविश्वसनीय व तिच्या व्याख्या संदिग्ध असल्याचे कारण देऊन प्रसिद्ध करण्यात आली नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ (२) ने १ जुलै २०२४ पासून वंश, जात, समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, व्यक्तिगत श्रद्धा वा तत्सम कारणावरून पाच किंवा अधिक व्यक्तींनी मिळून केलेला खून हा वेगळा अपराध ठरविला. यामुळे हेतूवर आधारलेली मोजणी दंडविधानात प्रथमच शिरली आहे. चौघांनी केलेला असाच खून मात्र या मोजणीत येत नाही.

मेळघाटातील अडचणी : चिखलदरा व धारणी तालुक्यांत ठाण्यापर्यंतचे अंतर, पावसाळ्यातील रस्ते आणि भाषा या तीन बाबी नोंदीच्या आड येतात. कोरकू ही मराठीहून सर्वथा वेगळ्या, मुंडा कुळातील भाषा असून तिच्यात सांगितलेली हकीकत मराठीत उतरताना तिच्यातील नेमकेपणा हरवतो. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस चिखलदरा तालुक्यातील रेट्याखेडा येथे एका वृद्धेस जादूटोण्याच्या संशयावरून मारहाण करून तिची विटंबना करण्यात आली. आरंभीच्या नोंदीत जादूटोण्याचा भाग आला नव्हता. कुटुंबीयांनी जानेवारीत जिल्ह्याच्या वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांकडे दाद मागितल्यावर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याची कलमे लावली गेली. मूळ नोंद तशीच राहिली असती, तर वर्षअखेरच्या तक्त्यात ही घटना साध्या मारहाणीच्या रकान्यात बसली असती.

परदेशांतील पद्धती : ब्रिटनमध्ये १९९३ साली स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा लंडनमध्ये खून झाला. त्याच्या तपासातील दोषांची चौकशी करणाऱ्या मॅकफर्सन समितीने १९९९ मध्ये असे सुचविले, की पीडितास किंवा अन्य कोणासही जी घटना वांशिक वाटते, ती पोलिसांनी वांशिक म्हणूनच नोंदवावी. तेथे नोंदीसाठी समज पुरेशी मानली जाते. सिद्धता हा न्यायालयाचा प्रश्न. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी १९९० मध्ये द्वेषमूलक गुन्ह्यांच्या सांख्यिकीचा स्वतंत्र कायदा केला, परंतु स्थानिक पोलीस दलांनी माहिती देणे ऐच्छिक ठेवले. अनेक दले शून्य कळवितात वा काहीच कळवीत नाहीत. पोलिसांकडून तेथे वर्षाला काही हजार गुन्हे कळविले जातात, तर घरोघर विचारून केलेल्या पाहण्यांवरून हा आकडा वर्षाला अडीच लाखांच्या आसपास निघतो. या दोन आकड्यांमधील दरी ही नोंदीची खरी कसोटी होय. भारतात अशी नियमित पाहणी होत नाही.

सुधारणेच्या दिशा : भारतीय तक्त्यांत एक चांगली पद्धत पूर्वीपासून आहे. खुनाच्या बाबतीत त्याचा हेतू वेगळ्या तक्त्यात देतात आणि त्यात धार्मिक कारण, जात, जादूटोणा, मालमत्तेचा वाद असे रकाने असतात. दुखापत, जाळपोळ, विटंबना व धमकी या गुन्ह्यांना हाच तक्ता लावता येईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. मात्र एका गुन्ह्यास एकच हेतू ही अट सोडावी लागेल. गायरानाच्या तंट्यात जमीन आणि जात या दोन्ही खुणा एकत्र करता आल्या पाहिजेत. त्याचप्रमाणे फिर्यादीने सांगितलेला हेतू व तपासात आढळलेला हेतू हे दोन वेगळे रकाने ठेवल्यास पोलिसांवरील दडपण कमी होते, कारण पहिला रकाना भरणे म्हणजे आरोप मान्य करणे नव्हे. महाराष्ट्रातील पोलीस ठाणी २०१५ पासून गुन्हे व गुन्हेगार माग काढणाऱ्या संगणकजालाने जोडलेली असल्याने अशी दुरुस्ती ठाण्यातील नमुन्यात करणे फारसे कठीण नाही. अदखलपात्र नोंदींचाही त्यात समावेश हवा. सर्वाधिक गळती तेथेच होते.

आकडे वाढले म्हणजे द्वेष वाढला, हा निष्कर्ष घाईचा असतो. एखाद्या तालुक्यात नवा अधिकारी येऊन फिर्यादी नीट घेऊ लागला, तर पहिल्या वर्षी गुन्ह्यांची संख्या वाढलेलीच दिसेल. अशा वाढीवरून त्या अधिकाऱ्यास जाब विचारला जात राहिल्यास पुढील वर्षी ती घटेल, पण गावात काही बदललेले नसेल. शिवाय जिल्ह्याचे वार्षिक आकडे लहान असतात. दहावीस प्रकरणांच्या फरकाने टक्केवारी मोठी हेलकावे खाते. त्यामुळे वर्षाच्या तुलनेपेक्षा पाच वर्षांची ठाणेवार मालिका अधिक बोलकी ठरते. जी ठाणी वर्षानुवर्षे शून्य दाखवितात, त्यांची तपासणी प्रथम व्हावयास हवी.

याकरिता लागणारी सामग्री जिल्ह्याच्या ठिकाणीच उपलब्ध असते. गुन्ह्यांची नोंदवही पोलीस अधीक्षकांकडे, अर्थसाहाय्याच्या हप्त्यांची नोंद समाजकल्याण विभागाच्या सहायक आयुक्तांकडे आणि खटल्यांची नोंद विशेष न्यायालयाकडे असते. नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता व नियंत्रण समितीने तीन महिन्यांतून किमान एकदा बैठक घ्यावयाची असते. तिन्ही नोंदी ठाणेवार शेजारी ठेवल्यास गुन्हा दाखल असून हप्ता न मिळालेली प्रकरणे, दोषारोपपत्रात अत्याचाराचे कलम वगळलेली प्रकरणे आणि ब समरीने बंद झालेली प्रकरणे त्याच बैठकीत नजरेस येऊ शकतात. अमरावती जिल्ह्यात शहर व ग्रामीण अशी पोलिसांची दोन घटके असल्याने तेथे ही जुळणी दोनदा करावी लागते.